ऑपरेशन पायाचं, कष्ट हृदयाला: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका आज्जींना खुब्याचं हाड मोडलं म्हणून बेळगावात आणलं. लावणीच्या चिखलात पाय सरकला होता. सोबत कॉलेजात शिकणारा नातू. मी आज्जींना विचारत होते, रात्री झोपताना उशा किती घेता, पायाला सूज येते का, चालताना छातीवर दाबल्यासारखं होतं का. नातवानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पाय मोडलाय न्हवं? छातीचं कशाला इचारतासा?"

तो रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी भूल देणारी डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मला सारखा भेटतो. घरात पहिल्यांदाच कुणाचं तरी ऑपरेशन ठरलंय, अशा माणसांसाठी हे लिहिते आहे. पित्ताशय असो, हर्निया असो, पिशवीचं ऑपरेशन असो की गुडघा, सुरी कुठेही लागली तरी ओझं पडतं ते हृदयावर. ते पेलण्यासाठी आम्हाला जी माहिती लागते, तिच्यातली बरीचशी कुठल्या रिपोर्टात नसते, घरच्यांकडे असते.

आधी एवढं समजून घ्या

भूल म्हणजे झोप नव्हे. झोपेत मेंदूचं हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर लक्ष असतं. आपण दचकून उठून बसलो तरी वाहिन्या क्षणात आवळतात आणि बीपी जागेवर राहतं. भुलीच्या औषधानं हे लक्षच मंदावतं. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून गेलं की मिनिटभरात माणूस बेशुद्ध होतो, आणि त्याच मिनिटात वाहिन्या सैल पडतात. घटप्रभेच्या कालव्यावर ज्यांचं रान आहे त्यांना हे चटकन कळेल. पाटात पाणी तेवढंच, पण पाट एकाएकी रुंद केला तर पातळी खाली जाते आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. शरीरात मेंदू, मूत्रपिंडं आणि खुद्द हृदय यांना हे पाणी कमी पडून चालत नाही.

दुसरी गोष्ट नाडीची. हृदयाचा जो डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, त्याला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी मिनिटाला ६० असेल तर एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो. १२० झाली की अर्धा. विसावा कमी झाला, खर्च वाढला. तरणा गडी हे सहज निभावतो. पण ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आतून अरुंद झाल्या आहेत, त्याला तेवढ्यानंही इजा होऊ शकते. म्हणून आम्ही नुसत्या बीपीकडे पाहत नाही, नाडीला त्याहून जास्त जपतो.

पायरी पहिली: तारीख ठरली की भूलतज्ज्ञाला भेटा

बरीच मंडळी सर्जनना दोनदा भेटतात आणि भूल देणाऱ्याला थेट थिएटरात पाहतात. ऑपरेशन ठरवून होणार असेल तर निदान आठवडाभर आधी भूलतज्ज्ञाकडून तपासून घ्या. "फिजिशियनचं फिटनेस झालंय" एवढ्यावर थांबू नका. ईसीजीची पट्टी त्या क्षणाचं हृदय दाखवते, कष्टात ते कसं वागेल हे पट्टीवरून कळेलच असं नाही.

आमचा सगळ्यात कामाचा प्रश्न साधा असतो. दोन मजले न थांबता चढता येतात का? येत असतील तर बहुतेक ऑपरेशनांचा ताण हृदयाला झेपतो, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. खेड्यातल्या माणसाला जिने कुठे असतात? म्हणून मी वेगळं विचारते. गेल्या वर्षी गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरापर्यंत येत होता, यंदा कुठे टेकता? नळाची घागर कोण भरतं आता? "वय झालं, सूनबाईच करते" हे उत्तर आलं की मी पुढे विचारतेच, वय झालं म्हणून सोडलं की दम लागतो म्हणून? या दोन्हींत फार अंतर आहे, आणि ते बहुतेक वेळा सूनबाई सांगते, सासूबाई नाही.

एक गोष्ट न विसरता सांगा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायला लागायचं का? त्या तापानं हृदयाची झडप अरुंद होऊ शकते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग पहिल्या बाळंतपणात, सिझेरियनच्या टेबलावर नाडी वाढली की अरुंद झडपेतून रक्त पुढे सरकत नाही, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. आधी माहीत असलं तर टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून सगळी आखणीच बदलता येते.

हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ठरवून करायचं ऑपरेशन निदान ६० दिवस पुढे ढकलतात. स्टेंट, म्हणजे हृदयाची वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला असेल तर तारीख लिहिलेला कागद आणा. हल्लीचे औषध लावलेले स्टेंट असतील तर साधारण ६ महिने थांबणं चांगलं, अटॅकमध्ये बसवला असेल तर बरेचदा वर्षभर. बीपी १८० आणि ११० च्या वर असेल तर घाईचं नसलेलं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो. आतडं पिळलंय, रक्त वाहतंय, तिथे हे दिवस मोजत बसत नाहीत. अशा वेळी धोका पत्करून आत जावंच लागतं.

पायरी दुसरी: गोळ्यांची पिशवी

चिठ्ठी नको, पाकिटं आणा. एकाच गोळीत दोन-दोन औषधं असतात आणि ती वेगवेगळी वागतात. मेटोप्रोलोल, एटेनोलोल या नाडी आवरणाऱ्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. अचानक सोडल्या तर नाडी उसळी मारते. अ‍ॅम्लोडिपिन सहसा चालू ठेवतात, कोलेस्टेरॉलची गोळीही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीच्या गोळ्या मात्र बरेचदा २४ तास आधी थांबवायला सांगतात, कारण भुलीत बीपी पडलं तर ते वर आणणं या गोळ्या अवघड करतात. आता एकाच गोळीत टेल्मिसार्टनही असेल आणि मेटोप्रोलोलही, तर काय करायचं? तिथे घरच्या घरी निर्णय घ्यायचा नाही, विचारायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट नवा असेल तर ती थांबवणंच जिवावर बेतू शकतं. यात सर्जन, हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ या तिघांचं एकमत व्हायला हवं. नसेल झालं तर तुम्ही त्यांना एकमेकांशी बोलायला लावा, यात संकोच नको. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन जातीची गोळी असेल तर ती ३ दिवस आधी बंद करतात. आयुर्वेदिक काढे, गुडघ्यासाठी गावातून आणलेल्या पुड्या, हेही पिशवीत टाका.

निपाणीकडच्या एका मामांनी "उपाशी राहायचं सांगितलंय" म्हणून तीन दिवस बीपीची गोळीच घेतली नव्हती. टेबलावर घेतलं तेव्हा नाडी १३० होती. त्या दिवशी ऑपरेशन रद्द झालं. मामांची चूक नव्हती, उपाशी म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

पायरी तिसरी: आदली रात्र

म्हणून नीट सांगते. तेलकट, मटणाचं जेवण ८ तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी, साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं. चहात दूध आलं की तो दूधच. आंबील, ताक, पेज हे पातळ असलं तरी पाणी नव्हे, त्यांना खाण्याचाच नियम लावा. पोटात अन्न असेल तर बेशुद्धीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. आणि उगाच १४-१५ तास कोरडं ठेवलं तर अंगातलं पाणी आटतं, मग भूल दिल्याबरोबर बीपी जास्त घसरतं. तहानलेलं माणूस आम्हालाही नको असतं. साखरेचा आजार असेल, पोट फुगलेलं असेल, दिवस गेले असतील तर हे तास बदलतात.

आता तंबाखू. निपाणीच्या आसपास तंबाखू हे पीक आहे, पोटापाण्याचं साधन आहे, त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. ऑपरेशनच्या आधी एक दिवस जरी विडी सोडली तरी त्यातला बराचसा निघून जातो. महिना-दोन महिने आधी सोडली तर फुप्फुसंही सावरतात. आणि मिश्री! बायका मिश्रीला व्यसन धरतच नाहीत. "तंबाखू खाता का?" विचारलं की "छे" म्हणतात, आणि डबी उशीखाली असते. मिश्रीत धूर नसला तरी निकोटीन असतं, ते नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. सकाळी दात घासायला म्हणून मिश्री लावून आलात तर सांगा. इथे कुणी ओरडणार नाही.

पायरी चौथी: सही करण्याआधी

संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं. ते समजेल अशा भाषेत समजावून घेणं हा तुमचा हक्क आहे. "मराठीत सांगा" म्हटलं तर आमच्याकडे कुणी ना कुणी सांगणारं मिळतंच, सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटेवरचा पाहुणासुद्धा. तीन गोष्टी विचारा: भूल कुठली, हृदयाला धोका किती आणि कशामुळे, ऑपरेशननंतर आयसीयू लागेल का.

"पाठीतूनच द्या, हृदयाला ती हलकी" असा आग्रह खूप जण धरतात. हे दरवेळी खरं नाही. पाठीतल्या इंजेक्शननं कमरेखालच्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साचतं, हृदयाकडे परत कमी येतं. बधिरपणा छातीपर्यंत चढला तर हृदयाला पळवणाऱ्या नसाही थंडावतात आणि नाडी मंदावते. बहुतेकांना हे सोसतं, सलाईन आणि फेनिलएफ्रिन किंवा मेफेंटरमिनसारखं औषध दिलं की बीपी वर येतं. पण महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर हेच इंजेक्शन घात करू शकतं. भूल कुठली हे ज्याचं हृदय आहे त्याच्याकडे पाहून ठरतं.

पायरी पाचवी: आत काय चालतं

बाहेर बाकावर बसलेल्यांना आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते.

आत नेल्यावर छातीला तारा, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा लावतात. चिमटा रक्तातला प्राणवायू मोजतो. त्याचं तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. त्याआधी ओठ आणि नखं निळी पडतात का, एवढंच पाहायचे. हृदयाचे ठोके पाहण्यासाठी तारा लावणं आज साधं वाटतं, पण त्यासाठी मोठा वाद झालेला आहे. बिदर ज्या निजामाच्या राज्यात होतं, तिथल्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर, म्हणजे त्या काळच्या भुलीच्या औषधावर, दोन आयोग बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांनी निष्कर्ष काढला की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवली की पुरे, नाडीची काळजी नको. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकतं. त्या हैदराबादच्या कामात डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांनी क्लोरोफॉर्म दिला होता. स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये अगदी पहिल्या नावांत त्यांचं नाव घेतात, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. आज मी श्वास आणि ठोका दोन्ही ऐकते. मॉनिटरच्या टूं-टूं आवाजाचा सूर प्राणवायू घटला की खाली उतरतो, पाठ वळलेली असली तरी कानाला कळतं.

पूर्ण भुलीत पहिली घसरण औषध गेल्यावर होते. लगेच मागून चढण येते. श्वासनळीत नळी घालताना घशाला जो धक्का बसतो त्यानं माणूस बेशुद्ध असूनही बीपी आणि नाडी उसळतात, म्हणून आधी फेंटानिलसारखं औषध देतो. मग यंत्र श्वास देऊ लागतं. आपण स्वतः श्वास घेताना छाती रक्त आत ओढून घेते, यंत्र उलट हवा आत ढकलतं, त्यामुळे हृदयाकडे येणारं रक्त थोडं अडतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. छिद्रं लहान म्हणून ऑपरेशन लहान, असं हृदय समजत नाही. पोट फुगल्यावर मोठी शीर दबते, धमन्या आवळतात, आणि कधीकधी पोटाचा पडदा ताणला की नाडी एकदम ४० च्या खाली येते. तेव्हा मी सर्जनना म्हणते, "गॅस सोडा." ते सोडतात. तेवढ्यानं बहुतेक वेळा ठोके परत येतात, नाही आले तर नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी असतं.

रक्तस्रावाचं गणित घरच्यांनी समजून घ्यावं. मोठ्या माणसाच्या अंगात किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असतं. ५० किलोच्या बाईत साडेतीन लिटर. त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी बीपी बरेचदा ढळत नाही, वाहिन्या आवळून शरीर निभावून नेतं. आधी नाडी वाढते, आणि बीपी पडेपर्यंत लिटरभर जाऊन बसलेलं असतं. म्हणून पिशवीचं ऑपरेशन सांगितलेल्या, हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला मी आधी लोहाची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन काही आठवड्यांनी यायला सांगते. तिचं हृदय आधीच कमी रक्ताची भरपाई म्हणून पळत असतं. रक्तदाता आणा म्हटलं तर "आमची बाई धट्टीकट्टी हाय" म्हणू नका, आणा.

सिझेरियनला येणाऱ्या लेकींनो, पाठीतल्या इंजेक्शननंतर अचानक मळमळलं, जांभया आल्या, तर लगेच बोला. बीपी पडल्याची ती पहिली खूण असते. तुम्हाला किंचित डाव्या बाजूला कलवून ठेवतात, कारण भरलेली पिशवी मागच्या मोठ्या शिरेवर बसते.

पायरी सहावी: दुसरी, तिसरी रात्र

थिएटरातून बाहेर आलं की नातेवाईक हुश्श करतात, कुंद्याचा डबा येतो, पाहुणे निघून जातात. मला मात्र पुढचे तीन दिवस महत्त्वाचे वाटतात. दुखणं, कुडकुडणं, ताप यांनी नाडी वाढते, नुसत्या हुडहुडीनं प्राणवायूची गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. ऑपरेशननंतरचा हृदयाचा झटका बहुधा याच दिवसांत येतो, आणि बरेचदा छातीत दुखतच नाही, कारण वेदनाशामकं चालू असतात. दिसतं ते असं: नव्यानं लागलेला दम, थंड घाम, विनाकारण मळमळ, म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं.

सलाईनचंही सांगते. "अजून एक बाटली लावा, ताकद येईल" हा आग्रह सोडा. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. त्यात ताकद नाही. आणि ऑपरेशनच्या वेळी अंगात मुरलेलं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत रक्तात येतं, दुबळ्या हृदयाला ते उपसणं जड जातं.

जांबोटीच्या आज्जींचं तेच झालं. तिसऱ्या रात्री दोन वाजता नातवाला दिसलं की आज्जी पडून राहीनात, उठून बसायला बघतात, उशी मागतात. पहिल्या दिवशीचा माझा उशांचा प्रश्न त्याला आठवला आणि त्यानं सिस्टरला उठवलं. फुप्फुसात पाणी धरत होतं, म्हणून आडवं पडलं की दम लागत होता. लघवी वाढवणारं औषध आणि प्राणवायू दिला, पहाटेपर्यंत त्या टेकून झोपल्या.

रात्रपाळीची सिस्टर बागलकोटकडची असेल, मराठी तोडकं असेल, तर हे चार शब्द लक्षात ठेवा: छातीत दुखणं म्हणजे "एदे नोवु", श्वासाचा त्रास म्हणजे "उसिराटद तोंदरे", चक्कर म्हणजे "तले सुत्तु", उलटी म्हणजे "वांति". उच्चार चुकला तरी चालेल, छातीवर हात ठेवून सांगा.

थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या हे रोज फेरीच्या वेळी विचारा. नुसतं "घरी गेल्यावर" हे उत्तर पुरेसं नाही, तारीख मागा. डॉक्टरांनी परवानगी दिली की पेशंटला लवकर उठवा, चालवा. पोटरीत एकाच बाजूला सूज आणि दुखणं आलं तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे तेल लावून चोळू नका, दाखवा. घरी गेल्यावर एकाएकी दम लागला तर गावच्या बसची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

निघताना डिस्चार्ज कार्डासोबत भूल दिल्याच्या कागदाचा फोटो मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. कुठलं औषध दिलं, बीपी किती खाली गेलं, नळी घालायला त्रास झाला का, सगळं त्यात असतं. पुढच्या वेळी मिरजेला जा, कोल्हापूरला, हुबळीला की गोव्याला बांबोळीत, तिथला भूल देणारा डॉक्टर आधी हेच विचारणार आहे.